जर्मनीवाल्या सरांचा क्लास, फोंडा: नऊ हजारांत काय मिळतं आणि काय राहून जातं

चतुर्थीला गोव्यात घरी आलेय. विसर्जन झालं, माटोळी (गणपतीच्या वर बांधतात तो फळाफुलांचा मांडव) उतरवून झाली, परतीच्या विमानाला अजून नऊ दिवस आहेत आणि फोनवर पुन्हा तोच प्रश्न सुरू झालाय. "ताई, जर्मनीला जायच्या आधी फोंड्याच्या सरांचा क्लास लावायचा का?" कुडचड्याहून एक, डिचोलीहून दोघं, म्हार्दोळची माझ्या मावशीच्या शेजाऱ्यांची मुलगी. प्रत्येकाला वेगवेगळं सांगून घसा बसला, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

क्लासला नाव नाही, पाटीही नाही. वरच्या बाजारातून थोडं आत गेलं की एका टेलरच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर सरांचं घर आहे आणि पुढच्या खोलीत वर्ग. शनिवारी दुपारी तीन ते साडेपाच, सलग सहा शनिवार, फी 9,000 रुपये, एका बॅचला आठ जण. मी 2024 च्या जून-जुलैत केला. तेव्हा फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून बी.ई. होऊन वर्ष झालं होतं, वेर्ण्याला नोकरी करत होते आणि ऑक्टोबरपासून सॅक्सनीतल्या एका विद्यापीठात एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला होता. क्लास भाषेचा नाही, व्हिसाचाही नाही. तिथली परीक्षा कशी असते आणि तिला कसं बसायचं, एवढंच सर शिकवतात. गोव्यात असं दुसरं कोणी शिकवत असल्याचं मी ऐकलेलं नाही.

सरांनी नव्वदच्या दशकात तिथे डॉक्टरेट केली आणि ती करता करता प्राध्यापकांचे साहाय्यक म्हणून कितीतरी सेमेस्टर परीक्षा घेतल्या. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आधी जे आवडलं नाही ते. पहिले दोन शनिवार जवळजवळ फुकट गेले. जर्मन विद्यापीठांचा इतिहास, तिथली भाकरी, तिथली थंडी, रविवारी दुकानं बंद असतात. ऐकायला छान, पण सोबत चहा आणि बाकरवडी असली म्हणून अडीच तासांचे पैसे वसूल होत नाहीत. तिसऱ्या शनिवारी आमचे गुण त्यांच्या श्रेणीत कसे बदलतात ते शिकवलं. त्यांच्याकडे 1.0 सर्वांत चांगलं, 4.0 म्हणजे काठावर पास आणि 5.0 नापास. आपल्या गुणांसाठी बव्हेरियन सूत्र म्हणून एक आहे: सर्वोच्च गुणांतून आपले गुण वजा करायचे, त्याला सर्वोच्च आणि पास होण्यापुरते गुण यांच्या फरकाने भागायचं, तीनने गुणायचं आणि एक मिळवायचा. माझे 10 पैकी 7.6, पासाला 4. म्हणजे 2.4 भागिले 6, गुणिले 3, अधिक 1. उत्तर 2.2. हे शाळकरी गणित. सरांनी त्यावर फळा भरला. विद्यापीठांच्या संकेतस्थळांवर हेच पाच मिनिटांत होतं.

हे उलटं मोजमाप घरच्यांना समजावण्यासाठी मात्र खरंच एखादा क्लास हवा. फेब्रुवारीत मी बाबांना फोनवर "1.7 मिळाले" म्हणून सांगितलं तर पलीकडे सगळं शांत. मग हळूच, "शंभरातले?" आजीने तर फोन हातात घेऊन विचारलं, "पावणेदोन मार्कांसाठी एवढ्या लांब गेलीस बाय?"

चौथ्या शनिवारपासून क्लास खरा सुरू होतो.

त्या दिवशी सरांनी प्रत्येकाला ए-फोर आकाराचा एकेक कोरा कागद दिला. तिथे बऱ्याच लेखी परीक्षांत स्वतःच्या हाताने दोन्ही बाजूंनी लिहिलेला असा एक कागद आत नेता येतो. झेरॉक्स चालत नाही, छापील चालत नाही. काही विषयांत पुस्तकसुद्धा चालतं, काहींत नुसता साधा कॅल्क्युलेटर, काहींत काहीच नाही. आम्ही आठही जण खूश. बारीक टोकाचं पेन काढलं आणि मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत कंट्रोल सिस्टिमचं अर्धं पुस्तक उतरवलं. सरांनी कागद गोळा केले आणि त्यावरच तीस मिनिटांचा पेपर दिला. एकाही प्रश्नाचं उत्तर त्या कागदावर नव्हतं. व्याख्या विचारल्याच नव्हत्या. एक टाकी, एक नळ, एक तरंगता गोळा आणि "पाण्याची पातळी स्थिर राहते का ते दाखवा." मी वीस मिनिटं स्वतःच्याच कागदावर स्वतःचंच अक्षर शोधत बसले.

"बाय, कागद करताना अभ्यास होतो. परीक्षेत तो बघायला वेळ मिळाला तर समज, अभ्यास झालेला नाही," सर म्हणाले. नंतर तिकडे मी प्रत्येक विषयाला तीन-तीन संध्याकाळी हा कागद करत बसले आणि आत गेल्यावर फार तर दोनदा बघितला असेन. नऊ हजारांतले दोन हजार इथे वसूल.

त्याच शनिवारी त्यांनी बारीकसारीक नियम सांगितले आणि ते सगळे खरे निघाले. पेन्सिलने लिहिलेलं तपासत नाहीत. लाल आणि हिरव्या शाईला हात लावायचा नाही, ती तपासणाऱ्याची. एक खुर्ची सोडून बसायचं, जॅकेट आणि बॅग भिंतीकडे, बाकावर विद्यार्थी ओळखपत्र. पाण्याची बाटली, केळं, चॉकलेट चालतं, कोणी काही म्हणत नाही. वेळापत्रकात व्याख्यानापुढे सी.टी. लिहिलेलं असेल तर दिलेल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांनी सुरू होतं, एस.टी. असेल तर ठोक्याला. मी हसले, कारण गोव्यात सगळंच सी.टी. असतं. आणि सप्लिमेंट बांधायला दोरा मागू नका, म्हणाले. पहिल्या पेपरला माझा हात वर गेला होता. कागद हवा म्हणून गेला होता, पण दोरा हा शब्द जिभेवर आलाच होता.

पाचवा आणि सहावा शनिवार तोंडी परीक्षेचा. यासाठी मी कोणालाही डोळे झाकून पाठवीन.

आपल्याकडे तोंडी म्हणजे व्हायवा. बाहेरून आलेले सर, जर्नल चाळत दोन प्रश्न, "ओके, नेक्स्ट." तिकडे अख्खा विषयच कित्येकदा तीस मिनिटांच्या तोंडीवर असतो. समोर प्राध्यापक आणि शेजारी आणखी एक माणूस, त्याला बायझिट्झर म्हणतात. तो बहुधा काही बोलत नाही, फक्त काय विचारलं आणि काय उत्तर आलं ते लिहून घेतो. सरांनी हा थाट जसाच्या तसा मांडला होता. स्वतः प्राध्यापक आणि बायझिट्झर काकी, म्हणजे सरांच्या मिसेस. काकी निवृत्त प्राथमिक शिक्षिका, त्यामुळे वही, पट्टी, मार्जिन सगळं जागेवर. खाली टेलरचं मशीन चालू, बाहेर जुलैचा पाऊस, पत्र्यावर असा ताशा की एकमेकांचं बोलणं अर्धंच ऐकू येतं.

सरांनी वर पंख्याकडे बोट केलं. "हा ओपन लूप की क्लोज्ड लूप?"

मी धडाधड व्याख्या म्हणायला लागले. ओपन लूप प्रणाली म्हणजे ज्या प्रणालीत आउटपुटचा इनपुटवर परिणाम होत नाही अशी...

"हे पुस्तकाने सांगितलं. तू पंख्याचं सांग."

"ओपन."

"का?"

"रेग्युलेटर चारवर ठेवला की चारवर. वेग कोणी मोजत नाही."

"व्होल्टेज पडलं तर?"

तेवढ्यात खरंच दिवे मंदावले. फोंड्यात जुलैत असं व्हायला योग लागत नाही. पंखा कुरकुरत हळू झाला. "हळू फिरेल आणि त्याला कळणारही नाही," मी म्हटलं. काकींनी लिहून घेतलं.

"फ्रिज?" क्लोज्ड, आत तापमान मोजणारा थर्मोस्टॅट आहे. "दार उघडं टाकलं तर?" कॉम्प्रेसर बंदच होणार नाही. "मग खोली गार होईल?" मी गप्प. घशाला कोरड. शेवटी म्हणाले, "मला माहीत नाही."

सरांनी पेन खाली ठेवलं. "एवढ्यावर थांबलीस तर वर्गातून उठून गेलीस असं ते धरतात. माहीत नाही, पण असं असावं असं वाटतं, कारण... हे 'कारण' म्हटलंस की परीक्षा पुन्हा सुरू." मग त्यांनी मला त्या 'कारण'च्या पुढे तब्बल दहा मिनिटं ढकलत नेलं. फ्रिज मागच्या जाळीतून उष्णता बाहेर टाकतो, वरून वीज खातो, म्हणजे खोली उलट तापेल. मी स्वतःच्या तोंडाने तिथे पोचले. मग मला बाल्कनीत उभं केलं, कारण तिकडे निकाल ठरेपर्यंत बाहेर थांबवतात. पाच मिनिटं पागोळ्या अंगावर घेतल्या. दार काकींनी उघडलं, चेहरा अगदी सरकारी. "3.0," त्या म्हणाल्या, आणि मग हसून, "भजी गरम आहेत, ये."

फेब्रुवारीत खरी तोंडी झाली. प्राध्यापक, शेजारी वही घेऊन एक तरुण साहाय्यक, खिडकीबाहेर बर्फ. पंधराव्या मिनिटाला प्राध्यापकांनी खिडकीखालच्या हीटरच्या गोल मुठीकडे बोट दाखवलं, 1 ते 5 आकडे लिहिलेले असतात ती. हा नियंत्रक चालू-बंद प्रकारचा की प्रमाणात उघडणारा? मी आयुष्यात पहिल्यांदा हीटर पाहिला त्याला चार महिने झाले होते. फ्रिज आठवून "चालू-बंद" म्हणणार होते. तोंडातून निघालं, "नक्की माहीत नाही, पण आत तापल्यावर फुगणारं काहीतरी असावं, कारण मुठीला वायर नाही. ते हळूहळू फुगतं म्हणजे झडपही हळूहळूच मिटेल, म्हणून प्रमाणात." त्यांनी मान हलवली आणि विचारलं, मग खोली नेमकी हव्या त्या तापमानाला पोचेल का? नाही, थोडा फरक राहील, कारण फरक शून्य झाला तर झडप उघडी ठेवायला काही उरणार नाही. एवढं बोलताना मला मागे पत्र्यावर पाऊस ऐकू येत होता, खोटं नाही सांगत. त्याच परीक्षेत ते 1.7 आले.

आता तक्रार, आणि ती लहान नाही.

आपल्याकडे कॉलेज फॉर्म भरून घेतं, हॉल तिकीट हातात देतं, नोटीस बोर्डवर सीट नंबर लावतं. आपण फक्त जाऊन बसायचं. मी सरांना दुसऱ्या शनिवारी सरळ विचारलं होतं, परीक्षेचा फॉर्म वेगळा भरावा लागतो का? सर म्हणाले, "विषयाला नाव घातलं की परीक्षेला नाव लागतंच." मी वहीत लिहून ठेवलं. ते पान अजून माझ्याकडे आहे.

हे चूक आहे. माझ्या विद्यापीठात व्याख्यानांना नाव घालणं वेगळं आणि परीक्षेसाठी नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, वेगळी. तिची मुदत ठरलेली असते, ऑनलाइन करावी लागते आणि मुदत संपली की संपली. मी चार विषय शिकत होते. तीन विषयांची नोंदणी शेजारच्या खोलीतल्या इराणी मुलीने शेवटच्या आठवड्यात आठवण करून दिली म्हणून झाली. चौथा दुसऱ्या विभागाचा, त्याची मुदत आधीच होऊन गेलेली. जानेवारीत यादी पाहिली तर माझं नाव नाही. कार्यालयात गेले, रडकुंडीला आले, "सर, प्लीज" हे आपलं ब्रह्मास्त्र काढलं. समोरच्या बाईंनी शांतपणे नियमावलीचं कलम दाखवलं आणि पुढची तारीख सांगितली. उशिराचा दंड भरायची सोयही नाही. दंड असता तर मी आनंदाने भरला असता! तो पेपर मी आता ऑगस्टमध्ये दिला, म्हणून चतुर्थीला आदल्या दिवशी पोचले आणि माटोळी बांधायला हात लावता आला नाही.

इथेच ते डॉक्टरेटचं आठवायचं. सर तिकडे विद्यार्थी म्हणून कधी परीक्षेला बसलेच नाहीत. त्यांनी परीक्षा घेतली. टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीतून जे दिसतं ते त्यांना लख्ख माहीत आहे: उत्तर कुठे घसरतं, मुलगा कुठे पाठ केलेलं म्हणतो, कुठे विचार करतो. अलीकडच्या खुर्चीत बसायला आधी काय काय करावं लागतं ते त्यांनी कधी केलंच नाही. त्यांच्या हातात नावांची यादी तयार येत होती. ती कशी तयार होते हे त्यांना विचारणं म्हणजे देवळातल्या भटजींना नारळ कोणत्या दुकानातून आणला ते विचारणं.

म्हणून जे क्लासला जाल त्यांनी हे स्वतः बघा. आपल्या अभ्यासक्रमाची परीक्षा नियमावली, जर्मनमध्ये प्र्युफुंग्सऑर्डनुंग, उतरवून घ्या आणि कंटाळा आला तरी वाचा. नोंदणीची आणि नाव मागे घ्यायची मुदत कॅलेंडरवर टाका. आजारी पडलात तर डॉक्टरचं प्रमाणपत्र लगेच द्यावं लागतं, आठवड्याने नेलं तर त्याची किंमत कागदाएवढी. किती वेळा बसता येतं ते बघा. बहुतेक ठिकाणी एका पेपरला तीन संधी, आणि तिसऱ्यांदा नापास म्हणजे तो अभ्यासक्रमच जर्मनीत तुमच्यासाठी बंद होऊ शकतो. आपली केटी जन्मभर देता येते या समजुतीवर वाढलेल्या माणसाला हे वाचून रात्रभर झोप लागत नाही. मला लागली नाही. उलट काठावर पास झालात तर सुधारायला पुन्हा बसायचं म्हटलं तर सहसा तेही नाही. पास तो पास, 4.0 कायमचं गळ्यात.

जुन्या प्रश्नपत्रिकांबद्दलही सर काही बोलले नाहीत. त्या विद्यार्थ्यांच्या मंडळाकडे मिळतात, फाखशाफ्ट म्हणतात त्याला. काही ठिकाणी मागच्यांनी लिहून ठेवलेली तोंडी परीक्षांची टिपणंही असतात. आमच्याकडे त्यासाठी अनामत ठेवावी लागते आणि आपली परीक्षा झाल्यावर आपलं टिपण लिहून दिलं की ती परत. मी हीटरचा प्रश्न लिहून दिलाय. पुढच्या वर्षी तो कोणाला विचारणार नाहीत, याची खात्री.

एक गोष्ट सरांनी सांगितली होती आणि मी ऐकली नाही, ती त्यांच्या खात्यावर लावत नाही. "विचारलं तेवढंच लिही." सिग्नल प्रोसेसिंगच्या लेखी परीक्षेत एक गणित अडलं तेव्हा मी जुन्या सवयीने मोकळी जागा भरून काढली. झेड ट्रान्सफॉर्मची व्याख्या, गुणधर्म, सुबक आकृती, वर अधोरेखा. फर्मागुडीला एवढ्यावर चार मार्क तरी पडले असते. निकाल 2.7. तिकडे निकालानंतर एक दिवस ठरवतात, त्या दिवशी जाऊन आपली तपासलेली उत्तरपत्रिका समोर बसून बघता येते, फुकट. त्याला आइनझिश्ट म्हणतात. रिव्हॅल्युएशनचे पैसे भरून महिनोन्महिने वाट पाहणाऱ्या आपल्या जिवाला हा चमत्कारच. मी गेले. माझ्या त्या दीड पानावर लाल शाईची एकच बारीक तिरकी रेघ होती आणि समासात दोन शब्द, "निश्ट गेफ्राग्ट". विचारलं नव्हतं. शून्य. पुढच्या पानावर मात्र अर्धवट सोडवलेल्या गणितात चुकलेलं चिन्ह पुढे तसंच धरून बाकीच्या पायऱ्यांचे पूर्ण गुण दिले होते. ते पान मी दोनदा वाचलं.

तर हिशेब असा. मी पाचपैकी साडेतीन देते. शेवटचे तीन शनिवार साडेचार, पहिले तीन दोन. सर वेगळे घेत असतील तर फक्त शेवटचे तीन घ्या. मी गेल्या आठवड्यात भेटायला गेले तेव्हा हे त्यांना तोंडावर सांगितलं, वहीतलं ते पानसुद्धा दाखवलं. सर बराच वेळ पानाकडे बघत राहिले. काकी आतून म्हणाल्या, "मी तेव्हाच सांगत होते, एकदा विचारून घ्या कोणाला तरी." सरांनी काही सारवासारव केली नाही. त्या शनिवारची बॅच बसलेली होतीच. मला फळ्यापुढे उभं केलं आणि म्हणाले, "नोंदणीचं तू शिकव."

मी वीस मिनिटं बोलले. मुदत, नोंदणी, माघार, प्रमाणपत्र, तीन संधी. सगळ्यांनी लिहून घेतलं. कोणाला शंका आहे का विचारलं, तर मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला.

"ताई, ग्रेस मार्क किती देतात?"

काकींनी ते वहीत लिहून घेतलं.

जाणाऱ्यांसाठी: पावसात जिना निसरडा असतो, गाडी खाली टेलरच्या दारात लावू नका, तो ओरडतो. फी रोख.